आठ दाण्यांत हुलगा किती?

निरवांगीतून नीरेकडे उतरताना डाव्या हाताला तात्यांचं तळं लागतं. पूर्वी तिथं ऊस होता. पाणी मुरून मुरून रान चोपण झालं, उन्हाळ्यात वर मिठासारखी पांढरी पापडी धरायला लागली. तेव्हा तात्यांनी जेसीबी लावून अर्ध्या एकराचं तळं खोदलं आणि कटला, रोहू, मृगळ सोडले. आम्ही शेजारी. मी शाळेतून निवृत्त झालेला, त्यामुळे दुसऱ्याच्या बांधावर बसून ऐकायला मला वेळ भरपूर.

या दिवाळीत तात्यांची पुतणी आली होती. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन ती आता मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत शिकते. भाऊबीजेच्या सकाळी तात्यांनी वाढ बघायला जाळं ओढलं आणि काठावर चुलता-पुतणीची जुंपली. ऐकताना मला कधी तात्या खरे वाटले, कधी ती. शेवटी मी एका बाजूला गेलो, ते लपवत नाही.

तात्या: हे बघ. गेल्या श्रावणात एकाच दिवशी सोडल्याली बोटुकली. एकाच पोत्यातली पेंड खाल्ली, एकाच पाण्यात ऱ्हायली. ह्यो दीड किलोला आला आन् ह्यो अजून पाव किलोतच घुटमळतोय. व्यापारी म्हणतो, तात्या, माल एका मापाचा करा. आता मी यातले मोठे चार निवडून ठेवणार आन् हॅचरीवाल्याकडनं त्यांचीच पिल्लं काढून आणणार.

पुतणी: चारच?

तात्या: मग किती? आपला खिलार काय आभाळातनं पडला? चांगला वळू बघायचा, गाय त्याच्याकडंच न्यायची. बाप-आज्यानं केलं तेच मी माशात करतो.

पुतणी: तात्या, गाय वर्षाला एक वासरू देते. रोहूची तीन किलोची मादी एका खेपेला सहा लाखांच्या घरात अंडी घालते. शंभर कालवडी हव्यात तर शंभर गायी लागतात. लाखभर बोटुकली मात्र एका मादीची निघते. तिथंच गडबड होते. हॅचरीवाल्याला जास्त मासे पाळायची गरजच पडत नाही.

तात्या: बरंच की! त्याचा खर्च वाचतो, मला बीज स्वस्त पडतं.

पुतणी: पूर्वी बीज कुठून यायचं?

तात्या: नदीतनं. पूर आला की जाळी लावून जिरे धरायचे म्हणत. त्यात वाम, शिंगाडा, काय वाट्टेल ते यायचं.

पुतणी: पण त्या एका ओंजळीत शेकडो आईबापांची पिल्लं असायची. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरींनी ओडिशात माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्पची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली. म्हणून त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन करतात. देशाची मासळी त्या सुईनं वाढवली, यात वाद नाही. पण त्याच दिवसापासून आईबाप किती ठेवायचे हे पुराच्या हातातून माणसाच्या हातात आलं.

तात्यांनी पाव किलोवाला उचलला, उलटा-पालटा करून बघितला आणि पाण्यात टाकला. त्यांचं म्हणणं मला तेव्हा सरळ वाटत होतं. डोळ्यांना जे मोठं दिसतं ते निवडावं, यात चूक काय?

पुतणी: तुम्ही निवडता ते वजन. वजन काट्यावर दिसतं. रोगाशी लढायची ताकद काट्यावर दिसत नाही. तिच्यासाठी माशाच्या अंगात वेगळी जनुकं असतात. त्यांचा सगळ्यात बारीक अभ्यास ज्या माशांत झाला त्यांतला एक म्हणजे रेनबो ट्राउट.

तात्या: ती काश्मिरातली? एप्रिलात माझ्या तळ्यात सोडली तर फोडणीशिवाय शिजंल.

पुतणी: शिजेलच. ती काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा गार पाण्यातली. आपल्याकडं तिचा प्रश्नच नाही. पण जगभर तिची शेती आहे, म्हणून तिच्यावर पैसा खर्च झाला. 2014 साली तिचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. आठ-दहा कोटी वर्षांपूर्वी ट्राउट-सॅमनच्या पूर्वजांत सगळी जनुकं एकदम दुप्पट झाली होती, त्याच्या खुणा अजून तिच्यात आहेत. रोहूवर इतकं काम झालेलं नाही. म्हणून गोष्ट ट्राउटची सांगते, पण ती कणा असलेल्या बहुतेक सगळ्या प्राण्यांना लागू आहे. तुम्हालासुद्धा.

तात्या: सांग.

पुतणी: बाजार समितीत पोतं फोडून धान्याची वानगी काढतात ना? अंगातली प्रत्येक पेशी तशीच आपल्या आतल्या मालाची वानगी बाहेर मांडून ठेवते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करायचे आणि एका खास ताटलीत ठेवून पेशीच्या अंगावर धरायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फिरतात, ताटली तपासतात. घरचाच माल असला तर पुढं जातात. विषाणूचा तुकडा दिसला की त्या पेशीला मारतात. या ताटल्या बनवणाऱ्या जनुकांना एमएचसी म्हणतात.

तात्या: मग ताटली ती ताटली. त्यात फरक काय असायचा?

पुतणी: ताटलीला खाचा असतात. एका घाटाच्या ताटलीत काही ठरावीक तुकडेच बसतात, बाकीचे घरंगळतात. जो तुकडा ताटलीत बसत नाही तो पांढऱ्या पेशीला कधी दिसतच नाही. रोग दारात असतो आणि घरात पत्ता नसतो. ट्राउटमध्ये विषाणूची वानगी दाखवायचं मुख्य काम एकच जनुक करतं, पण त्या एका जनुकाचे घाट कितीतरी आहेत आणि एकमेकांपासून चांगलेच वेगळे. प्रत्येक माशाला एक घाट आईकडून, एक बापाकडून.

तात्या: आईबाप सख्खे असले तर दोन्ही ताटल्या सारख्याच.

पुतणी: हेच सांगायला मला वर्गात अर्धा तास लागतो!

तात्या: त्यात काय, एका कुळात सोयरीक करायची न्हाय हे आमाला आधीच म्हाईत हाय.

पुतणी: आता तळ्याचा विचार करा. दहा हजार मासे, सगळ्यांच्या ताटल्या त्याच दोन-चार घाटांच्या. त्या घाटांत न बसणारा जंतू आला तर त्याला दहा हजार दारं एकदम उघडी. घाट वेगवेगळे असले तर काही मासे मरतील, काही तगतील आणि साथ मध्येच अडखळेल. 2001 साली स्वीडनच्या संशोधकांनी अटलांटिक सॅमनमध्ये हे तपासलं. एरोमोनास कुळातल्या एका जिवाणूची लागण केल्यावर एमएचसीचे काही प्रकार असलेले मासे जास्त तगले, काही प्रकारांचे जास्त मेले. त्या जिवाणूचा भाऊबंद आपल्या रोहूला लाल चट्टे आणतो.

तात्या: मग जो प्रकार तगला तेवढाच धर आन् बाकीचे सोड. मी तेच म्हणतोय!

इथं मी मनात तात्यांना गुण दिले. पुतणी जरा थांबली. मग तिनं डाळिंबाचा आधार घ्यायचा प्रयत्न केला, आणि तो तिला चांगलाच महागात पडला.

पुतणी: तुमची डाळिंबाची बाग आठवा. सगळी झाडं गुटी कलमाची, म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. तेल्या आला तेव्हा एक झाड वाचलं का?

तात्या: हे मला सांगू नगंस. माझा भगवा गेला, खरं हाय. पर शेजाऱ्याचा जुना गणेश पण गेला. वेगळ्या जातीनं तेल्या काय अडला न्हाय. आन् गेली ती बाग, पर घर त्याच भगव्यानं बांधलं. ऊस बघ. नीरेच्या काठाला पाडेगावच्या केंद्रानं शिफारस केल्याला 86032, त्याचं नावच नीरा. सगळा जिल्हा त्याच्यावर. एकाच उसाच्या कांड्या लावतो आपण, तरी कारखाने चाललेत न्हवं?

पुतणी: (जरा वेळानं) तेल्याचा मुद्दा मागं घेते. ज्या पिकाच्या कुठल्याच जातीत प्रतिकार सापडत नाही, तिथं नुसतं वैविध्य कामाला येत नाही. वैविध्याची मदत व्हायला उत्तर त्या गर्दीत कुठंतरी असावं लागतं.

तात्या: लिहून घ्या मास्तर.

म्हणून लिहिलं.

पुतणी: मग अजून एक मुद्दा तुमच्या बाजूनं मीच देते. भिगवणच्या लिलावात जास्त काय येतं?

तात्या: चिलापी. उजनीत बघावं तिकडं चिलापी.

पुतणी: आपल्या देशात पहिली चिलापी 1952 साली आली, मोझांबिक जातीची. त्या आशियाई चिलापीचं कूळ जावा बेटावर 1939 मध्ये सापडलेल्या पाच माशांपर्यंत जातं. तीन नर, दोन माद्या. त्या पाचांच्या लेकरांनी अर्ध्या आशियाची तळी भरली.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. पाच! ते चार म्हणत होते, जगात पाचांवर भागलं होतं.

तात्या: संपलं की मग! पाचांवर चालतंय तर तू मला कशापायी छळतीस?

पुतणी: जगली, पसरली, पण वाढली का? ती चिलापी हाताएवढी होते आणि अंडी घालत बसते. तळ्यात पैसे मिळवायची वेळ आली तेव्हा ती कुणाच्या कामाची राहिली नाही. मग 1988 पासून फिलिपाइन्समध्ये गिफ्ट नावाची चिलापी बनवायला घेतली. तिच्यासाठी इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून रानटी नाईल चिलापी आणली आणि आशियातले चार पाळीव वाण त्यात मिसळले. आधी गर्दी जमवली, निवड नंतर. आणि चिलापीची रोगाची परीक्षा आता कुठं सुरू झालीय. 2014 साली तिच्या एका नव्या विषाणूची नोंद झाली, पुढं तो आपल्या देशातही सापडला.

तात्या: आन् आपली जयंती रोहू? ती तर निवडूनच केली. झपाट्यानं वाढती. तिला तू नावं ठेवणार का?

पुतणी: उलट, माझा सगळ्यात भक्कम पुरावाच ती आहे. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं 1992 मध्ये ते काम सुरू केलं. पहिल्या दिवशी मोठे चार मासे निवडले नाहीत. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतून रोहू गोळा केली, त्यात शेतावरची मिसळली, घराणी वेगवेगळी ठेवून प्रत्येकाची नोंद केली आणि मग पिढी-दर-पिढी निवड. वाढ पिढीला सतरा टक्क्यांच्या आसपास सुधारत गेली. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून नाव जयंती.

तात्या: त्यांनी पाच नद्या गोळा केल्याच की. मग मला परत गोळा करायची काय गरज? तयार माल आणावा, चार ठेवावेत.

पुतणी: काकू, एक परात द्या. आणि मूठभर ज्वारी. घरात हुलगं आहे ना?

काकूंनी परात आणली, आणि तात्यांच्या कपाळावरची आठी तिथंच वाढली. पुतणीनं ज्वारीचे 95 दाणे मोजले, हुलग्याचे 5. एकत्र कालवले. शेजारच्या सात वर्षांच्या पोराला डोळे मिटायला सांगितले.

पुतणी: चार आईबाप ठेवले. प्रत्येकाकडं घाट दोन, म्हणजे आठ दाणे. हुलगा म्हणजे दुर्मीळ घाट, शंभरात पाच. आठ दाणे उचल रे.

पोरानं आठ दाणे उचलले. सगळी ज्वारी. परत मिसळून पुन्हा आठ. पुन्हा ज्वारी. दहा वेळा उचलले. सात वेळा हुलगा आलाच नाही, तीन वेळा एकेक आला. तिनं सांगितलं, हिशेबानं तीनांत दोन खेपा तो येतच नाही. मग ती म्हणाली, तळ्यात परातीसारखे शंभरच दाणे नसतात, खूप असतात. अशा मोठ्या राशीतून चाराऐवजी पन्नास आईबाप, म्हणजे शंभर दाणे घेतले, तर हुलगा अजिबात न यायची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी.

तात्या: म्हंजे मी चार निवडले की हुलगा...

पुतणी: कोणत्याही रोगाशिवाय गेला. कुणी मारला नाही. तुम्ही त्याला बघितलाही नाही, कारण त्याचं वजन ज्वारीएवढंच होतं. आणि पुढच्या पिढीत तुम्ही कितीही निवड करा, जो गेला तो परत येत नाही. उद्या जो जंतू येईल त्याची ताटली तोच हुलगा असेल का, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

मी बाजू बदलली ती इथं. तेल्यानं नव्हे, ट्राउटनंही नव्हे, परातीनं. सदतीस वर्षं गणित शिकवून मला हे कधी सुचलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

तात्या मात्र इतक्यात हटणारे नव्हते.

तात्या: बरं. पर शास्त्रज्ञ आता जनुक बघून निवडत्यात म्हणं. मग हुलगा ओळखून ठेवतील.

पुतणी: ठेवतात. नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये सॅमनची पिल्लं आयपीएन नावाच्या विषाणूनं मरायची. संशोधकांना एक जनुक सापडलं, एमएचसीच्या बाहेरचं. त्याचा चांगला प्रकार असलेले आईबाप वापरायला लागले आणि साथी झपाट्यानं कमी झाल्या. जनुक बघून निवड जमते, याचं हे पहिल्या प्रतीचं उदाहरण. तुमच्या बाजूचं.

तात्या: मग?

पुतणी: मग काही वर्षांनी नॉर्वेत त्या विषाणूची अशी नवी जात सापडली, जी त्या प्रतिकारक माशांतही शिरते. सगळे मासे एकाच कुलपाचे झाले की किल्ली बनवणाऱ्याला एकच किल्ली पुरते. उलट गंमत बघा, अटलांटिक कॉड नावाचा मासा आहे. त्यानं एमएचसीच्या दोन प्रकारांतला एक अख्खा प्रकारच गमावलाय. 2011 ला त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा सगळे चकित झाले. तरी समुद्रात तो सुखानं जगतोय, कारण दुसऱ्या प्रकाराच्या ताटल्या त्याच्याकडं भरमसाट वाढल्या. निसर्गाचे नियम म्हणजे सात-बारा नव्हे.

मला हा कॉड आवडला. आपल्या युक्तिवादाला गैरसोयीचा मासा तिनं स्वतःहून परातीत टाकला होता.

तात्या: लोणावळ्याचं काय? टाटांनी वळवणला महसीर जगवला. त्यांनीबी हॅचरीतच केला.

पुतणी: तो मासा आपलाच. 1839 साली कर्नल साईक्सनं दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं. ते पाणी भीमेतून उजनीत येतं आणि खाली नरसिंहपूरला नीरेला भेटतं. वळवणच्या हॅचरीनं तो टिकवायला मोठा हात लावला, याला मी हात जोडते. पण तिथली पिल्लं दूर कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर होता, जगात दुसरीकडं कुठं नाही. आपला निळ्या पंखाचा तिथं फोफावला आणि कुबड्या आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. चांगल्या हेतूनं एकाच घरची पिल्लं सगळ्या नद्यांना वाटली की असं होतं.

ऊन चढलं होतं. तात्या परातीतला हुलगा बोटानं एकीकडं सारत होते. मग त्यांनी तो प्रश्न काढला जो ते सकाळपासून गिळत होते.

तात्या: गेल्या वैशाखात माझी तीनशे मासळी एका रात्रीत पालथी झाली. ते बी तुझ्या ह्या ताटल्यांनी?

पुतणी: नाही. तुम्ही फोनवर सांगितलं होतं, पहाटे सगळे तोंड वर काढून वाफा घेत होते. ढगाळ हवा, हिरवंगार पाणी आणि जास्त पेंड. ते प्राणवायू कमी पडून मेले. त्याला जनुकं नकोत, एअरेटर हवा. माझ्या विषयाच्या नावावर मी तुमचं मरण खपवणार नाही.

तात्या हसले. ती खरं बोलते हे त्यांना तिथं पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी भांडणाच्या सुरात विचारला नाही.

तात्या: मी हॅचरी चालवत न्हाय. मी काय करू?

पुतणी: विचारा. किती नर, किती माद्या. समजा त्यानं सांगितलं, दोन नर आणि वीस माद्या. मासे 22 झाले. पण प्रत्येक पिल्लाचा निम्मा वाटा बापाकडून येतो आणि बाप दोनच. नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. 160 भागिले 22. कामाचे आईबाप सातच. तेच 22 मासे 11 नर आणि 11 माद्या असे ठेवले, तर ते 22 च्या 22 कामाचे. खर्च एका पैशानं वाढत नाही. 1990 मध्ये एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी कर्नाटकातल्या 18 हॅचऱ्यांचा असाच हिशेब मांडला, तेव्हा सगोत्र पैदाशीचा दर 2 ते 17 टक्के निघाला.

तात्या: आन् माझं मोठे चार?

पुतणी: खा. आज भाऊबीज आहे.

त्यातला एक कटला दुपारी खरोखरच कढईत गेला. उरलेले तीन तात्यांनी तळ्यात सोडले, का ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून बीज देणाऱ्याला फोन लावला आणि माद्या किती, नर किती असं विचारलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग उत्तर आलं, "तात्या, हे आजवर कुणी विचारलं न्हाय. बघून सांगतो."

इंदापूर-बारामतीकडचे जे तळेवाले हे वाचतील त्यांना एवढीच विनंती. येत्या जूनमध्ये बोटुकली आणायला जाल तेव्हा किलोला किती बसतात आणि हजाराचा भाव काय, हे विचारताच. त्याच्या जोडीला नर किती आणि माद्या किती, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत पिशवीचं तोंड बांधू देऊ नका.